कारागृहांचे अभ्यागत : भारतातील तुरुंगांच्या स्वतंत्र पाहणीचा इतिहास

१

तुरुंगाच्या भिंतीमुळे आतील माणसास बाहेर पडता येत नाही, तसेच बाहेरील माणसाची दृष्टीही आत पोचत नाही. पहिली गोष्ट कायद्यास अभिप्रेत असते. दुसरी त्याच भिंतीमुळे आपोआप घडून येते. न्यायालय कारावासाची शिक्षा देते तेव्हा अपराध्याचे स्वातंत्र्य तेवढे काढून घेते. निजण्यापुरती जागा, पिण्याजोगे पाणी, आजारात औषध आणि मारहाणीपासून संरक्षण ह्या गोष्टी निकालपत्राने हिरावून घेतलेल्या नसतात. परंतु त्या कैद्यास मिळतात की नाही हे पाहणारा तुरुंगाच्या नोकरवर्गाखेरीज दुसरा कोणीच नसेल, तर शिक्षेची खरी मर्यादा न्यायाधीश ठरवीत नसून वॉर्डर ठरवितो, असे म्हणण्याची पाळी येते. ज्याचा अपराध अद्याप शाबीतच व्हावयाचा आहे अशा कच्च्या कैद्याच्या बाबतीत तर हा अन्याय अधिकच उघड आहे.

ह्यावर उपाय म्हणून बाहेरील माणसाने तुरुंगात जाऊन पाहणी करावी, ही कल्पना युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावली. इंग्लंडातील बेडफर्डशरचा शेरिफ म्हणून १७७३ साली नेमल्या गेलेल्या जॉन हॉवर्डला असे आढळून आले की, निर्दोष सुटलेली माणसेही जेलरची फी देता न आल्यामुळे तुरुंगात खितपत पडली आहेत. त्याने गावोगावचे तुरुंग पायाखाली घातले, पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि १७७७ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हॉवर्डच्या कार्यातील एक गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याने जे पाहिले ते ज्याचे पाहिले त्या जेलरच्या स्वाधीन केले नाही. ते त्याने पार्लमेंटच्या व वाचकवर्गाच्या हाती दिले.

भारतातही तुरुंगाच्या पाहणीस कायद्याने मान्यता मिळून शतकाहून अधिक काळ लोटला. असे असूनही १८३८ पासूनच्या प्रत्येक समितीने गर्दी, रोगराई, नोकरवर्गाची लाचखोरी व कैद्यांस होणारी मारहाण ह्यांविषयीच्या तक्रारी पुन्हा पुन्हा नोंदविल्या आहेत. अभ्यागतांची अनास्था हे ह्याचे कारण म्हणून सांगितले जाते व त्यात तथ्यही आहे. परंतु ते कारण पुरेसे नाही. पाहणी खऱ्या अर्थाने स्वतंत्र होण्यास तीन गोष्टी लागतात : आत जाण्याचा अधिकार, कैद्याशी निर्भयपणे बोलण्याची सोय, आणि अहवाल पाहिल्या जाणाऱ्या खात्याच्या बाहेर पोचण्याचा मार्ग. भारतातील व्यवस्थेने पहिली गोष्ट लवकर दिली, दुसरी अर्धवट दिली आणि तिसरी दीर्घकाळ दिलीच नाही. ह्या तिसऱ्या उणिवेचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

ब्रिटिश अमदानीतील तुरुंगांची पहिली मोठी चौकशी मेकॉलेच्या टिपणीवरून १८३६ साली नेमलेल्या समितीने केली. तिचा अहवाल १८३८ साली सादर झाला. कनिष्ठ नोकरांतील लाचखोरी, शिस्तीचा ढिलेपणा आणि कैद्यांना बेड्या घालून रस्त्यांच्या कामावर नेण्याची पद्धत ह्यांवर समितीने कडक टीका केली. ही टीका दयेपोटी झाली होती असे मात्र समजू नये. कैद्यांच्या शिक्षणास व नैतिक सुधारणेस समितीने फारसे महत्त्व दिले नाही. कंटाळवाणे व सक्त काम आणि काटेकोर शिस्त हाच तिच्या मते उपाय होता. तुरुंगाची पाहणी म्हणजे आपोआप कैद्याच्या बाजूने होणारी पाहणी नव्हे, ही गोष्ट आरंभापासूनच दिसून येते.

ह्या समितीच्या शिफारशींतून कारागृहांच्या महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. वायव्य प्रांतात १८४४ साली पहिला महानिरीक्षक नेमला गेला आणि १८५० साली ते पद कायम करून इतर प्रांतांनीही तसा अधिकारी नेमावा असे हिंदुस्थान सरकारने सुचविले. ही सुधारणा लहान नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यांतील तुरुंगांवर एकाच तज्ज्ञ अधिकाऱ्याची देखरेख आली, वार्षिक अहवाल निघू लागले आणि मृत्यूंचे आकडे एकत्र मांडले जाऊ लागले. मात्र महानिरीक्षक हाच तुरुंगखात्याचा मुख्य होता. निरीक्षण करणारा आणि कारभार चालविणारा ह्या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या.

आकडे ठेवण्याचा परिणाम १८६४ साली दिसून आला. गव्हर्नर जनरल सर जॉन लॉरेन्स ह्यांनी नेमलेल्या दुसऱ्या समितीपुढे मागील दहा वर्षांत तुरुंगांत झालेल्या मृत्यूंची जी संख्या आली ती ४६ हजारांहून अधिक होती. गर्दी, कोंदट बराकी, निकृष्ट अन्न, अपुरे कपडे, अस्वच्छता आणि वैद्यकीय देखरेखीचा अभाव ही समितीने त्याची कारणे मानली. दर कैद्यामागे ५४ चौरस फूट जमीन व ६४० घनफूट हवा असावी अशी शिफारस तिने केली. तुरुंगातील राहणीमान मोजता येते आणि ते मोजलेच पाहिजे, हा विचार सरकारी कागदपत्रांत ह्या काळात रुजला. पुढील दशकांत आरोग्याच्या बाबतीत जी सुधारणा झाली तिचे श्रेय ह्या अंतर्गत निरीक्षणास दिले पाहिजे. पटकी व अतिसार ह्यांनी होणारे मृत्यू कोष्टकात दिसत असत. वॉर्डरच्या हातून खाल्लेला मार मात्र कोणत्याही कोष्टकात दिसत नसे.

ह्याच सुमारास सरकारी चौकटीबाहेरची एक पाहणीही घडली. इंग्लंडातील समाजसुधारक मेरी कार्पेंटर १८६६ साली मुंबईस उतरल्या व पश्चिम हिंदुस्थानातील शाळांबरोबरच तुरुंगांनाही त्यांनी भेटी दिल्या. कैद्यांना रात्री एकत्र कोंडून ठेवण्याची पद्धत, मुलांना मोठ्या गुन्हेगारांच्या संगतीत ठेवणे व शिक्षणाचा अभाव ह्या गोष्टी त्यांना खटकल्या. त्यांनी त्या संबंधितांस लिहून कळविल्या आणि १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ब्रिटिश वाचकांपुढेही ठेवल्या. अल्पवयीन गुन्हेगारांसाठी निराळ्या संस्था काढण्याच्या दिशेने १८७६ साली कायदा झाला, त्यामागे अशा लोकमताचाही वाटा होता. कार्पेंटरबाईंना तुरुंगासंबंधी कोणताही अधिकार नव्हता. तरीही त्यांचे म्हणणे पोचले, कारण ते ऐकणारे लोक तुरुंगखात्याच्या बाहेरचे होते.

३

आगरकर व टिळक ह्यांना कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली झालेल्या कारावासावर आगरकरांनी लिहिलेले डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांचे वर्णन मराठी वाचकांस परिचित आहे. मराठीतील आरंभीच्या तुरुंगवर्णनांत त्याची गणना होते. सुशिक्षित माणूस आत जाऊन आला म्हणजे आतील जीवन लेखणीवाटे बाहेर येते, ह्याचे ते उदाहरण होय. तथापि तुरुंगातील बहुसंख्य माणसे निरक्षर होती. त्यांच्या वतीने पाहावयाचे व बोलावयाचे कोणी, ह्याचे उत्तर कायद्याने शोधावयास हवे होते.

कारागृहांचा १८९४ चा कायदा हे ते उत्तर होते. त्यापूर्वी १८८९ साली जी चौकशी झाली ती करणारे दोघेही तुरुंगखात्यातील अनुभवी अधिकारी होते. त्यामुळे नवा कायदा कारभाराच्या एकसूत्रीपणावर भर देणारा झाला हे स्वाभाविक होते. ह्या कायद्यात कैद्यांच्या निवासाविषयी, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कर्तव्यांविषयी व मृत्यूच्या नोंदीविषयी तपशीलवार कलमे आहेत. अभ्यागतांचा उल्लेख मात्र नियम करण्याच्या अधिकाराची यादी देणाऱ्या ५९ व्या कलमातील एका पोटकलमात आला आहे. अभ्यागतांची नेमणूक व त्यांना मार्गदर्शन ह्यासंबंधी सरकारने नियम करावेत, इतकाच त्याचा आशय. बाहेरील दृष्टीस कायद्यात जागा मिळाली. परंतु ती जागा किती मोठी असावी हे ठरविणे सरकारच्या हाती राहिले.

प्रांतोप्रांतीच्या नियमावल्यांत ह्या पोटकलमाचा जो विस्तार झाला त्याचे स्वरूप बहुतांशी सारखे होते. अभ्यागत दोन प्रकारचे असत. जिल्हा दंडाधिकारी, सत्र न्यायाधीश इत्यादी अधिकारपरत्वे होणारे सरकारी अभ्यागत. आणि सरकारने ठराविक मुदतीसाठी नेमलेले प्रतिष्ठित नागरिक, म्हणजे बिनसरकारी अभ्यागत. त्यांनी बराकी, स्वयंपाकघर व रुग्णालय पाहावे, अन्न चाखून पाहावे, नोंदवह्या मागवाव्यात, कैद्यांच्या तक्रारी ऐकाव्यात आणि शेवटी अभ्यागतांच्या शेरेपुस्तकात आपला अभिप्राय लिहावा, अशी व्यवस्था होती. हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि ते योग्यही होते. एका तुरुंगात दोन धनी असू नयेत हे तत्त्व कोणत्याही शिस्तबद्ध संस्थेस मान्य करावेच लागते.

खरा प्रश्न शेऱ्याच्या पुढील प्रवासाचा होता. शेरेपुस्तक तुरुंगाच्या कचेरीत राहत असे. अभ्यागताच्या शेऱ्याची नक्कल अधीक्षक स्वतःच्या खुलाशासह महानिरीक्षकाकडे पाठवीत असे. म्हणजे ज्याच्या कारभारावर टीका झाली त्याच्याच लेखणीचे शब्द त्या टीकेशेजारी बसून वरिष्ठांपुढे जात, आणि ते वरिष्ठही त्याच खात्याचे मुख्य असत. न्यायालयास, विधिमंडळास वा वृत्तपत्रांस ह्या शेऱ्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते. अभ्यागताची नेमणूक, मुदतवाढ वा उचलबांगडी ही सरकारच्या मर्जीची बाब होती. अशा स्थितीत पुष्कळ अभ्यागतांनी आपले पद हा एक मान समजून वर्षातून एकदोनदा फेरी मारावी व सर्व ठीक असल्याचा शेरा लिहावा, हे आश्चर्यकारक नाही. व्यवस्थेने त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षाही केली नव्हती.

सर अलेक्झांडर कार्ड्यू ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९१९–२० साली काम केलेल्या हिंदी तुरुंग समितीने ह्या पदाचे महत्त्व ओळखले. बिनसरकारी अभ्यागत हे निःपक्षपाती बाहेरचे लोक असल्याने नियमांचे पालन होते याची ग्वाही सरकारला व जनतेला त्यांच्याद्वारे मिळते, आणि सामान्य नागरिकांत तुरुंगाच्या प्रश्नांविषयी आस्था उत्पन्न होण्यास त्यांचा उपयोग होतो, अशी दोन कारणे समितीने मांडली. शिक्षेचा हेतू कैद्याची सुधारणा हा असावा, असे आग्रहाने सांगणारा हा अहवाल भारतीय तुरुंगांच्या इतिहासात टप्पा मानला जातो. परंतु ग्वाही देणाऱ्याची साक्ष जनतेपर्यंत कोणत्या मार्गाने पोचावी, ह्या प्रश्नास त्या अहवालानंतरही निश्चित उत्तर मिळाले नाही.

४

नियमाचा मार्ग बंद असला म्हणजे काय घडते हे अंदमानाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पोर्ट ब्लेअरचा सेल्युलर तुरुंग १९०६ साली पुरा झाला. समुद्रापलीकडील त्या बेटावर स्वतंत्र नागरिक अभ्यागत म्हणून जाण्याची शक्यताच नव्हती. कोलूचे काम, एकांत कोठडी, उभ्या हातकड्या आणि कैद्यांतूनच नेमलेले वॉर्डर, पेटी ऑफिसर व जमादार ह्यांचा जाच ह्यांचे वर्णन सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ ह्या ग्रंथाने मराठी वाचकांपुढे १९२७ साली ठेवले. परंतु त्यापूर्वीच एक पत्र बाहेर आले होते. राजकीय कैदी होतीलाल वर्मा ह्यांनी लिहिलेला मजकूर तुरुंगाबाहेर चोरून पोचविण्यात आला आणि १९१२ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी ह्यांच्या ‘बेंगॉली’ पत्रात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंदुभूषण रॉय ह्यांनी कोठडीत गळफास लावून घेतला व उल्लासकर दत्त ह्यांच्या मनावर परिणाम झाला. देशातील वृत्तपत्रांनी आवाज उठविला. त्यानंतर १९१३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील गृहखात्याचे सभासद सर रेजिनाल्ड क्रॅडॉक अंदमानात गेले व राजकीय कैद्यांना भेटले. पुढे मुदतीची शिक्षा असलेल्या कैद्यांस हिंदुस्थानातील तुरुंगांत परत आणण्यात आले.

क्रॅडॉक ह्यांची भेट ही सर्वस्वी सरकारी पाहणी होती. तिला जे काही फळ आले त्याचे मूळ त्यांच्या अधिकारात शोधण्यापेक्षा त्या अगोदर छापल्या गेलेल्या पत्रात शोधणे अधिक रास्त होईल. बेटावरील अधिकाऱ्यांस पाहणीची सवय होती. आपल्याविषयी कलकत्त्यात कोणी वाचील याची सवय त्यांस नव्हती.

कार्ड्यू समितीनेही अंदमानास भेट दिली. तेथे कैदी धाडण्याची पद्धत बंद करण्याचे धोरण सरकारने १९२१ साली जाहीर केले. परंतु १९३२ साली राजकीय कैद्यांस पुन्हा तेथे नेण्यास सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी झालेल्या उपोषणात बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नांमुळे महावीर सिंग, मोहनकिशोर नामदास व मोहित मैत्र ह्या तिघांचा अंत झाला. देशभर खळबळ उडविणारे दुसरे उपोषण १९३७ साली झाले व त्यानंतर राजकीय कैदी परत आणले गेले. ह्यापूर्वी १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ह्यांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर रोजी देह ठेवला होता आणि त्यानंतर कैद्यांच्या वर्गवारीचे नवे नियम झाले होते. पाहणीचा अहवाल ज्यांच्या हाती असतो तेच तो बाजूस सारू शकतात, आणि मग आतील माणसास स्वतःच्या शरीराखेरीज दुसरे साधन उरत नाही, असा ह्या प्रकरणांचा अर्थ आहे.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ह्या सर्व घटनांत बाहेर आवाज पोचला तो राजकीय कैद्यांचा. त्यांना लिहिता येत होते, त्यांच्यामागे पक्ष व वृत्तपत्रे होती. चोरीच्या वा दारूच्या गुन्ह्यासाठी आत गेलेल्या शेतमजुरास ह्यांतील काहीही उपलब्ध नव्हते. १९३० नंतरच्या वर्गवारीने सामाजिक दर्जा व शिक्षण ह्यांनुसार सवलती दिल्या, त्यामुळे हे अंतर कमी होण्याऐवजी नियमबद्धच झाले.

५

स्वातंत्र्यानंतर संविधानाने कारागृहे हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला. संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ डॉ. वॉल्टर रेकलेस ह्यांनी १९५१–५२ साली भारतीय तुरुंगांचा अभ्यास केला. १९५७ साली नेमलेल्या समितीच्या कामातून १९६० साली आदर्श नियमावली तयार झाली. महाराष्ट्र राज्यात अभ्यागतांविषयीचे स्वतंत्र नियम १९६२ साली करण्यात आले. उद्दिष्टांची भाषा बदलली, कैद्याच्या पुनर्वसनाचा विचार आला. १८९४ चा कायदा मात्र तसाच राहिला आणि शेरेपुस्तकाचा प्रवासही जुन्याच वाटेने होत राहिला.

आणीबाणीच्या काळात १९७५ ते १९७७ ह्या वर्षांत हजारो राजकीय कार्यकर्ते, वकील, प्राध्यापक व पत्रकार तुरुंगांत गेले. सुशिक्षित वर्गास पुन्हा एकवार आतील जीवन प्रत्यक्ष दिसले. तिच्यानंतरच्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या प्रश्नात जे लक्ष घातले, त्यास ही पार्श्वभूमी होती.

सुनील बत्रा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन निकालांनी पाहणीच्या इतिहासास वेगळे वळण दिले. पहिला निकाल १९७८ चा. फाशीची शिक्षा अंतिम होण्यापूर्वीच कैद्यास एकांतवासात ठेवणे आणि कच्च्या कैद्यास दीर्घकाळ दंडाबेडी घालणे ह्या प्रश्नांवर घटनापीठाने निर्णय दिला. तुरुंगाच्या दारातून आत जाताना मनुष्य आपले मूलभूत हक्क बाहेर ठेवून जात नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

दुसरा निकाल २० डिसेंबर १९७९ चा असून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. तिहार तुरुंगातील ह्याच कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांस पत्र लिहिले. भेटीस येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी एका हेड वॉर्डरने दुसऱ्या एका कैद्यास अमानुष मारहाण केल्याची ती तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच हेबिअस कॉर्पसचा अर्ज मानले व डॉ. य. शं. चितळे आणि मुकुल मुद्गल ह्या वकिलांस न्यायमित्र म्हणून नेमून तुरुंगात जाण्याचा, कैद्यास भेटण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा व साक्षी घेण्याचा अधिकार दिला. कैद्याच्या दुखापतीची निरनिराळी निरुपद्रवी कारणे तुरुंगाच्या बाजूने पुढे करण्यात आली होती. चौकशीअंती कैद्याचेच म्हणणे खरे ठरले.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या निकालपत्रातील आदेशांचा रोख व्यवस्थेच्या नेमक्या वैगुण्यावर होता. जिल्हा दंडाधिकारी, सत्र न्यायाधीश, उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय ह्यांनी नेमलेल्या वकिलांस कैद्यांशी खाजगी बोलण्याची सोय द्यावी आणि त्यांनी आपला अहवाल संबंधित न्यायालयास द्यावा. जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश ह्यांच्या हुकमतीखाली तक्रारपेट्या ठेवाव्यात व त्या वारंवार उघडल्या जाव्यात. न्यायिक अधिकाऱ्यांनी तुरुंगांस भेटी देऊन कैद्यांस गाऱ्हाणी मांडण्याची खरी संधी द्यावी. एकांतकोठडीसारखी कठोर शिक्षा सत्र न्यायाधीशाच्या विचारार्थ जावी. ह्या सर्व आदेशांचे सूत्र एकच आहे : तक्रारीचे तोंड तुरुंगखात्याकडून न्यायालयाकडे वळविणे. तक्रारपेटी ही वस्तू साधी. परंतु तिची किल्ली कोणाजवळ आहे ह्यावर तिचे सर्व मूल्य अवलंबून असते.

६

ह्यानंतरचे महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले. पत्रकार शीला बारसे ह्यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे ह्यांनी ही हकीकत सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविली. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन ह्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांस तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेण्यास व न्यायालयास अहवाल देण्यास सांगितले. ह्या नेमणुकीत अभ्यागताच्या पदाचे सर्व गुण होते. उणीव तेवढी भरून निघाली होती. पाहणी करणारी व्यक्ती त्या क्षेत्रातील जाणकार होती, तिला गृहखात्याने नेमलेले नव्हते, आणि तिचा अहवाल अधीक्षकाच्या टेबलावरून न जाता थेट न्यायालयापुढे आला.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळ्या पोलीस कोठड्या, तेथे स्त्री शिपायांचा पहारा, स्त्री अधिकाऱ्यांच्या उपस्थितीतच चौकशी, अटकेची माहिती कायदेविषयक साहाय्य समितीस तत्काळ देणे आणि मुंबईच्या सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, पूर्वसूचनेशिवाय कोठड्यांस भेटी देणे असे आदेश दिले. पूर्वसूचनेशिवाय हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. सूचना देऊन केलेल्या पाहणीत सारवलेली जमीन व धुतलेली भांडी दिसतात.

ह्याच प्रकरणाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. राज्यातील तुरुंगांत मुलाखती घेण्याची बारसे ह्यांस दिलेली परवानगी नंतर काढून घेण्यात आली. त्याविरुद्ध झालेल्या अर्जावर १९८७ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, तुरुंगात काय चालते हे जाणण्यात समाजाचे हित आहे. तथापि मुलाखतीचा अधिकार अनिर्बंध नाही, ध्वनिमुद्रणास वेगळी परवानगी लागेल, कैद्यावर मुलाखतीची सक्ती करता येणार नाही व मिळालेली माहिती सामान्यतः अधिकाऱ्यांकडे पडताळून पाहावी, अशा मर्यादा घातल्या. ह्या मर्यादांमागील विचार उपेक्षणीय नाही. तुरुंगाची सुरक्षितता ही कैद्यांचीही गरज आहे, खोटी तक्रार अशक्य नाही आणि कैद्यालाही खाजगी आयुष्य असते. परंतु परवानगी देणारा व ती काढून घेणारा पुन्हा तुरुंगखात्याचाच अधिकारी राहिला, हेही तितकेच खरे.

७

न्यायमूर्ती मुल्ला ह्यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय समितीने १९८३ साली दिलेल्या अहवालात कारागृहांसाठी कायमच्या राष्ट्रीय आयोगाची शिफारस केली. तसा आयोग झाला नाही. मानवी हक्क संरक्षणाच्या १९९३ च्या कायद्याने जो राष्ट्रीय आयोग स्थापन झाला, त्याच्या कर्तव्यांत तुरुंगांतील राहणीमानाची पाहणी हे एक कर्तव्य होते. कोठडीतील मृत्यूची वार्ता २४ तासांच्या आत आयोगास कळवावी अशी सूचना त्याने डिसेंबर १९९३ मध्येच दिली. परंतु मूळ कायद्यात आयोगाने तुरुंगास भेट देण्यापूर्वी राज्य सरकारला कळविण्याची अट होती. ती अट २००६ च्या दुरुस्तीने गेली. आत जाण्याचा अधिकार मिळूनही तो निर्वेध होण्यास तेरा वर्षे लागली, आणि आयोगाचे अंतिम साधन सरकारला शिफारस करणे हेच राहिले. त्याच वर्षी अंमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपविली. ही सुधारणाही अहवालाचा मार्ग कार्यकारी खात्याबाहेर नेणारी होती.

बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातील एका कैद्याच्या पत्रावरून १९९६ साली निकालात निघालेल्या राममूर्ती खटल्यात न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशाकरवी तुरुंगाची पाहणी करवून घेतली आणि गर्दी, खटल्यांतील विलंब, छळ, आरोग्याची हेळसांड, अपुरे अन्नवस्त्र, तुरुंगातील गैरप्रकार, पत्रव्यवहार व भेटींतील अडचणी इत्यादी नऊ प्रश्न नोंदविले. त्यांतील बहुतेक १८६४ च्या समितीस अपरिचित वाटले नसते. डी. के. बसू प्रकरणात २०१५ साली तुरुंगांत कॅमेरे बसविण्याचे व बिनसरकारी अभ्यागत नेमण्याच्या दृष्टीने पावले टाकण्याचे निर्देश राज्यांस द्यावे लागले. १८९४ च्या कायद्यातील तरतुदीस १२१ वर्षे होऊन गेल्यावर ती अंमलात आणण्यास सांगावे लागणे, ह्यातच तिचे चरित्र सामावलेले आहे.

मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या निकालाने आणखी एक गोष्ट उघड केली. निरनिराळ्या राज्यांच्या नियमावल्यांत कैद्यांस जातीवरून कामे वाटून देणारी कलमे टिकून होती. शतकभर अभ्यागत ज्या नियमावलीच्या आधारे पाहणी करीत होते त्या नियमावलीतच दोष होता. नियमाप्रमाणे सर्व ठीक असल्याचा शेरा त्या बाबतीत खराही होता आणि निरुपयोगीही होता. न्यायालयाने ती कलमे रद्द ठरविली आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ ह्यांनी मिळून नियमित पाहणी करावी व भेदभाव आढळल्यास कळवावे, असा आदेश दिला. बाहेरून आलेल्या दृष्टीने नियमांचे पालन तपासण्याबरोबरच नियमही तपासला पाहिजे, हा ह्या निकालाचा धडा होय.

आंतरराष्ट्रीय विचारही ह्याच दिशेने गेला आहे. नेल्सन मंडेला ह्यांच्या नावाने २०१५ साली संमत झालेल्या नियमांनी खात्याची अंतर्गत तपासणी आणि खात्याहून स्वतंत्र संस्थेची बाह्य तपासणी अशा दोन्हींची अपेक्षा केली. छळप्रतिबंधक कराराच्या २००२ सालच्या पूरक मसुद्याने, जो २००६ पासून अंमलात आला, प्रत्येक सभासद राष्ट्रात अशी कायम संस्था असावी असे बंधन घातले. भारताने मूळ करारावर १९९७ साली सही केली. त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.

८

ह्या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो अभ्यागताच्या संस्थेस निरर्थक ठरविणारा नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत नेहमी फिरणारी दृष्टी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणार नाही. न्यायालय पत्राची वाट पाहते, आणि पत्र लिहिण्याचे धैर्य व साधन फार थोड्यांजवळ असते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हे अपवादात्मक प्रकाशझोत होत. रोजच्या उजेडाची सोय स्थानिक अभ्यागतानेच करावयाची आहे. परंतु त्याचा शेरा न्यायालयाकडे, विधी सेवा प्राधिकरणाकडे वा विधिमंडळाकडे आपोआप जाईल आणि त्यावर ठराविक मुदतीत उत्तर येईल, अशी योजना झाल्याखेरीज हे पद शोभेचेच राहील.

प्रश्न केवळ कारभाराचा नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० माणसे होती व त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांचा अपराध न्यायालयात सिद्ध व्हावयाचा होता. बराकीत फिरताना अभ्यागत ज्याला काही तक्रार आहे काय असे विचारतो, त्याच्या मागे काही पावलांवर वॉर्डर उभा असतो. अभ्यागत सायंकाळी घरी जातो. उत्तर देणारा कैदी तेथेच राहतो. तक्रार नाही असे त्याने सांगितले, तर ते त्याच्या परिस्थितीचे वर्णन मानावे की त्याच्या भयाचे, ह्याचा निर्णय शेरेपुस्तकावरून होऊ शकत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक काम करण्याजोगे आहे. समित्यांचे अहवाल छापील असल्याने त्यांचा उपयोग वारंवार होतो. निरनिराळ्या जिल्ह्यांतील अभ्यागतांची शेरेपुस्तके व त्यांवरील अधीक्षकांचे खुलासे जेथे टिकून असतील तेथून गोळा करून ते मृत्यूच्या नोंदींशी व न्यायालयीन कागदपत्रांशी ताडून पाहिले पाहिजेत. एखाद्या महिन्यात तुरुंगात मृत्यू झाला असेल आणि त्याच महिन्याच्या शेऱ्यात सर्व ठीक असल्याचे लिहिले असेल, तर त्या दोन नोंदींमधील अंतर हाच ह्या विषयाचा खरा इतिहास होय.